एकटं खाणारं गिऱ्हाईक

४ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही आजपासून संशयितांसाठी. दुपारी तीन ते पाच दुकानात कुणी फिरकत नाही. तेवढ्या वेळात मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यावर बसून लिहायचं असं ठरवलंय. यांना सांगितलेलं नाही. हसतील. हल्ली हसत नाहीत, पण या गोष्टीला नक्की हसतील.

झालं असं की सकाळी बेकरीवाला बनचे ट्रे ठेवता ठेवता म्हणाला, "वहिनी, पेपर बघितला का?" पेपरवाल्यांनी शहरातला सगळ्यांत चांगला बर्गर शोधायचं काढलंय. त्यांचा माणूस महिनाभर दुकानादुकानांतून गुपचूप खात फिरणार. एकटा येणार, ओळख देणार नाही, खाऊन निघून जाणार. मग सहा नोव्हेंबरच्या रविवारी दहा दुकानांची यादी छापून येणार.

समोर ते मोठ्या दिव्यांचं नवीन दुकान झाल्यापासून आमची आठ स्टुलं दुपारीसुद्धा भरत नाहीत. यादीत आलो तर तरलो. नाही आलो तर काय, ते मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

यांना वाचून दाखवलं. "येऊ दे की," म्हणाले आणि तवा पुसत राहिले. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं आचारी, मग इथे नऊ वर्षं हे दुकान. कशाचं म्हणून काही वाटत नाही या माणसाला. सगळी काळजी माझ्याच वाट्याला.

६ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला संशयित. किडकिडीत तरुण, एकटा. बर्गरचे दोन बाजूंनी फोटो काढले. मी मुद्दाम कडेने कापड फिरवत राहिले, जादा काकड्या दिल्या. शेवटी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, छान आहे, पण पलीकडे टायरचं पंक्चर काढायला दिलंय, ते झालं असेल का हो? फोटो आईला पाठवत होता. दुपारी जेवला की नाही याचा तिला पुरावा लागतो.

दुसरं म्हणजे फळा. पदार्थांची यादी रोज सकाळी हे खडूने लिहितात. आज एक आजोबा चष्मा वर-खाली करत फळ्याला नाक लावून उभे. मी बाहेर जाऊन बघितलं तर अक्षर मुंगीएवढं. एके काळी यांचं अक्षर रस्त्यापलीकडून वाचता यायचं. म्हटलं, जरा मोठं काढा, परीक्षकाला दुर्बीण लागेल. पुसून परत लिहिलं. पहिला शब्द मोठा, दुसरा त्याहून लहान आणि ओळ संपेस्तोवर पुन्हा मुंग्या. मला चिडवायला करतात की काय कोण जाणे.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

कांदा करपला. मला गल्ल्यापाशी वास आला आणि हे तव्यासमोर उलथनं धरून शांत उभे. मी धावत जाऊन ओढला. "लक्ष नव्हतं," म्हणाले. तेही इतक्या हळू की दोनदा विचारावं लागलं. आवाज असा आतल्या आत ठेवतात हल्ली. उन्हाळ्यात मी एकदा बोलून गेले होते की होत नसेल तर बंद करू या दुकान. तेव्हापासून रुसलेत असा माझा अंदाज आहे. चार महिने रुसायचं म्हणजे काही मर्यादा?

१० ऑक्टोबर, सोमवार

सापडल्या.

साठीच्या बाई. आखूड पांढरे केस, पायांत मजबूत बूट, खांद्याला कापडी पिशवी. एकट्या. सात स्टुलं रिकामी असताना नेमकं शेवटचं निवडलं, जिथून तवा सरळ दिसतो. अर्धा तास लावून एक बर्गर खाल्ला. खाताना बर्गरकडे लक्ष नाही, सगळी नजर यांच्या हातांवर. मग पिशवीतून छोटी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि वही मिटून पुन्हा बघत राहिल्या.

मी मागे जाऊन यांना हळूच सांगितलं, "त्याच आहेत." हे म्हणाले, "बरं." म्हटलं, जरा हसा तरी त्यांच्याकडे बघून.

"हसतोच आहे की," म्हणाले.

हसत कसले! चेहरा भिंतीसारखा. आणि वर हसतोय म्हणे. मी पुढे जाऊन दोघांच्या वाटचं हसले. बाईंना सॉस जास्तीचं वाढलं.

१२ ऑक्टोबर, बुधवार

वहीवाल्या बाई पुन्हा आल्या. परीक्षक दोनदा येतो याचा अर्थ आपण त्यांच्या विचारात आहोत. बेकरीवाल्याचंही तेच म्हणणं पडलं. रात्रभर नीट झोप नव्हती, तरी हे ऐकून अंगात जोर आला.

आज बोलल्या. हे किती वर्षं स्वयंपाकाचं काम करतात, विचारलं. मी सगळं सांगितलं, कॅन्टीनसुद्धा. मग म्हणाल्या, "डावखुरे आहेत का?"

नाहीत. पण मी वळून बघितलं तर उलथनं खरंच डाव्या हातात, उजवा हात एप्रनच्या खिशात. मी सारवासारव केली की हे दोन्ही हातांनी करतात, सराव आहे. बाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्या गेल्यावर मी यांना झापलं. एवढ्या बारकाईने बघणाऱ्या बाईसमोर खिशात हात घालून उभं राहायचं? लोकांना वाटेल, माणूस कंटाळलाय. यांनी तोंड फिरवलं आणि तव्याची कड खरवडत बसले. बराच वेळ.

१५ ऑक्टोबर, शनिवार

चूक माझीच, पण लिहिते. काल पहाटे जाग आली ती डोक्यात एकच विचार घेऊन, की आपलं सॉस मिळमिळीत आहे. दुकानात आल्या आल्या यांच्या सॉसमध्ये मोहरी वाढवली, मिरी वाढवली, लसूण ठेचून घातला. यांना चव बघायला दिली. बोट चाटून म्हणाले, "छान झालंय." मला भरून आलं. नऊ वर्षांत या माणसाने स्वतःच्या सॉसला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

बाराच्या सुमाराला बेकरीवाल्याने नेहमीचा बर्गर घेतला आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. "वहिनी, हे काय घातलंय? नाकातून धूर आला." मी चाखलं. खरंच, जीभ भाजली. सगळं सॉस ओतून दिलं.

सॉस गेलं त्याचं काही नाही. हे "छान झालंय" म्हणाले ते लागलं. म्हणजे चाखल्यासारखं केलं नुसतं. माझ्या तोंडाला पानं पुसली. या माणसाला आता दुकानात रस राहिलेला नाही आणि मला तोंडावर सांगायची हिंमत नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीचा फोन. तिकडे नोकरीत रमलीय, आठवड्यातून एकदा बोलणं होतं. मी परीक्षक बाईंचं सगळं सांगितलं. तिने निम्मंच ऐकलं. मधेच म्हणाली, "आई, बाबा फोनवर काय बोलतात ते मला कळतच नाही हल्ली. बरे आहेत ना?"

म्हटलं, बरे आहेत, रुसलेत.

"कशावरून?"

मी विषय बदलला.

बाई आज आल्या नाहीत. म्हणजे पत्ता कटला का? की तीन भेटींचा नियम असतो? बेकरीवाल्याला नियम माहीत नाहीत, पण बोलतो असं की जणू त्यानेच केलेत.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

जमेल तसं लिहिते.

बन कमी पडणार म्हणून मी सकाळी बेकरीत गेले होते. हे एकटे दुकानात. परत आले, काचेचं दार ढकललं आणि गॅसचा वास असा अंगावर आला की मी उंबऱ्यावरच थांबले. हे शेगडीपाशी. हातात लायटर. दुसऱ्या बर्नरची कळ अर्धी उघडी, मला दारातून दिसत होती.

एप्रनची गाठ बसत नव्हती, म्हणून अजून पेटवलं नव्हतं. मी पोचले तेव्हा हे लायटर मुठीत धरून पाठीमागे नाड्यांशी झटत होते. ती गाठ लवकर बसली असती तर.

ट्रे टाकला, आत गेले, यांचं मनगट धरून बाहेर ओढत आणलं. मग पुन्हा आत जाऊन कळ बंद केली, सिलिंडर बंद केला, दारं उघडली. हे फुटपाथवर उभे. मला म्हणाले, "मला वास आला नाही."

एवढ्या वासात? मग मी बोलले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. रस्ता थांबून ऐकत होता. लक्ष नाही, मन नाही, मला मारायचंय का, स्वतःला मारायचंय का. हे मान खाली घालून ऐकत राहिले. बोलून संपल्यावर मला दिसलं, पाच पावलांवर वहीवाल्या बाई उभ्या. सगळं बघितलेलं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की गेलं, यादीतून नाव गेलं. नवरा मरता मरता वाचला होता आणि माझ्या मनात यादी.

बाईंनी यांना पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मला म्हणाल्या, उद्या येते, तुमच्याशी जरा बोलायचंय.

२२ ऑक्टोबर, शनिवार

तीनला आल्या. हे घरी होते, दुकान मी उघडलंच नव्हतं. दोघी शेवटच्या दोन स्टुलांवर बसलो. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली की काल जे बघितलंत ते रोजचं नाही, आमच्याकडे स्वच्छता असते, शिस्त असते.

"तुम्ही मला कोण समजताय?" बाईंनी विचारलं.

"पेपरच्या परीक्षक."

"तरीच एवढं सॉस," म्हणाल्या. "नाही हो. मी मागच्या गल्लीत राहायला आलेय नवीन. एकटीच आहे, त्यामुळे स्वयंपाकाचा कंटाळा येतो. वहीत शब्दकोडी सोडवते." मग स्टूल माझ्याकडे वळवलं. "माझे मिस्टर घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचाही उजवा हात असाच आधी खिशात गेला. अक्षर लहान झालं. चेहरा हलेनासा झाला. मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. मी दोन वर्षं त्या रागाचं कारण शोधत बसले."

मी म्हटलं, तुम्हाला काय म्हणायचंय?

"मी डॉक्टर नाही. आजाराचं नाव मी घेणार नाही. पण मेंदूच्या, नसांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. परक्या माणसाने कसं बोलायचं म्हणून दोन्ही वेळा तशीच परत गेले. काल वाटलं, माझ्या संकोचापायी जीव गेला असता."

मला राग आला. खरं लिहायचं तर या बाईचाच राग आला. ओळख ना पाळख, बर्गर खायला येते आणि माझ्या माणसात रोग काढते. मी तुटक बोलले. त्या उठल्या, मागच्या गल्लीतल्या घराचा पत्ता कागदावर लिहून ठेवला आणि गेल्या.

मग मी ही वही पहिल्यापासून वाचली.

सगळं आहे. फळा आहे, कांदा आहे, "हसतोच आहे की" आहे, खिशातला हात आहे, सॉस आहे. एकही गोष्ट त्या बाईंनी मला नवीन सांगितली नाही. सगळं मीच लिहिलंय, माझ्या हाताने, तारीख घालून. आणि प्रत्येक ठिकाणी यांनाच बोल लावलाय.

२४ ऑक्टोबर, सोमवार

काल दिवसभर हिंमत झाली नाही. आज चहा घेताना विचारलं, वास कधीपासून येत नाही?

यांनी कप खाली ठेवला. "दोनेक वर्षं झाली."

आणि हात?

"यंदाच्या उन्हाळ्याच्या आधीपासून."

दोन वर्षं हा माणूस वास न घेता स्वयंपाक करत होता. मांस कधी पलटायचं ते आवाजावरून ओळखतात म्हणे. आधी तडतड मोठी असते, मग बारीक होते, बारीक झाली की पलटायचं. कांदा रंगावरून. सॉस मोजून. त्या दिवशी जिभेला तिखट तेवढं लागलं, पण सॉस सुधारलं की बिघडलं ते यांना कळायचा मार्गच नव्हता. माझा चेहरा बघून "छान झालंय" म्हणाले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तू दुकान बंद करू म्हणाली असतीस."

मी म्हटलेलंच होतं. सांगायच्या आधीच. उठून यांच्या कपात आणखी चहा ओतला, तो बशीत सांडला, तर यांनी तो बशीतूनच प्यायला.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वहीवाल्या बाईच बरोबर आल्या. मी त्यांच्या दारात जाऊन आधी परवाच्या वागण्याची माफी मागितली होती. म्हणाल्या, मीही त्या वेळी, डॉक्टरांना दाखव म्हणाली म्हणून, माझ्या नणंदेला घराबाहेर काढलं होतं.

डॉक्टर तरुण आहेत. यांना चालायला लावलं, अंगठ्यावर बोट भराभर टेकवायला लावलं, एक वाक्य लिहायला सांगितलं. काय लिहू, यांनी विचारलं. काहीही. यांनी लिहिलं, "कांदा बर्गर, काकडी जास्त." डॉक्टर म्हणाले, हे अक्षर तर मला भिंग लावून वाचावं लागेल.

पार्किन्सन. मी हा शब्द म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवला होता. हे छप्पन्न वर्षांचे आहेत.

गोळ्यांनी हात पुष्कळ मोकळा होईल. वर्षानुवर्षं कामही करता येईल. बरा होणार नाही, हळूहळू वाढेल, पण किती हळू ते कुणीच सांगू शकत नाही. वास बहुतेक परत येणार नाही. शेगडीवर एकट्याने उभं राहायचं नाही आणि गॅस गळला की वाजणारा भोंगा आजच्या आज बसवायचा. मी सगळं लिहून घेतलं. प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर यांनीच विचारला, "उद्या दुकान उघडू का?" डॉक्टर म्हणाले, उघडा की.

लेकीला संध्याकाळी सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं काहीतरी आहे, पण तू म्हणालीस रुसलेत." तो बोल मला आयुष्यभर पुरेल.

२ नोव्हेंबर, बुधवार

तव्यापाशी मी. नऊ वर्षं गल्ल्यावरून बघत होते, वाटायचं त्यात काय एवढं. आज कोपराला चटका, एक पॅटी कच्ची म्हणून परत आली, दोन कडक झाल्या. हे बाजूला उभे राहून म्हणतात, ऐक. मला काही ऐकू येत नाही, नुसता आवाज येतो. "आत्ता," म्हणाले. पलटली. बरोबर निघाली. मला तर आधीच्या आणि नंतरच्या आवाजात काडीचा फरक कळला नव्हता.

भीती कमी झालेली नाही. पहाटे जाग येते, आणि हे श्वास घेताहेत ना, ते आधी बघते. त्याचा या आजाराशी काही संबंध नाही हे माहीत आहे. तरी बघते.

वही मिटताना लक्षात आलं, आज एकटं खाणारी तीन-चार माणसं येऊन गेली. मी एकाकडेही बघितलं नाही. कच्ची पॅटी नेमकी कुणाच्या बर्गरमध्ये होती, आठवत नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

यादी आली. बेकरीवाला पेपर घेऊन दारात उभा राहिला आणि काहीच बोलला नाही, तेव्हाच कळलं. तरी मी दहाही नावं वाचली, पुन्हा खालून वर वाचली. आम्ही नाही. समोरचं मोठ्या दिव्यांचं दुकानही नाही, हे बेकरीवाल्याने दोनदा सांगितलं. माणूस चांगला आहे.

पहिला नंबर बस डेपोच्या मागे दोघी बहिणी चालवतात त्या दुकानाचा. नाव कधी ऐकलं नव्हतं.

मी तव्याकडे पाठ करून जराशी रडले. हे मागून आले. गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झालेत, हात थोडा सुटलाय. तो उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "चल, खाऊन येऊ."

"कुठे?"

"पहिल्या नंबराकडे."

दुकानाला कुलूप लावलं. रविवारी दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला. डेपोमागे तासभर रांगेत उभे राहिलो. यांना उभं राहून दमायला झालं तेव्हा एका माणसाने आपणहून खोकं पुढे सरकवलं. शेवटी एक बर्गर मिळाला, तो दोघांत घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो.

यांनी एक घास खाल्ला, चावला, गिळला. बर्गरचा कागद माझ्याकडे सरकवला. "मऊ आहे. गरम आहे. मला एवढंच कळतं," म्हणाले. "तू सांग, कसा आहे?"

मी घास घेतला. बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगता आलं असतं. यांनीही माझ्या सॉसच्या वेळी तेच केलं होतं.

"आपल्यापेक्षा चांगला आहे," मी म्हटलं.

वाटलं, चेहरा पडेल. पण आता मला त्या चेहऱ्यावरून काही ताडायचं नाही, विचारायचं, असं मी ठरवलंय. म्हणून विचारलं, वाईट वाटलं का?

"नाही. कशाने चांगला आहे ते सांग."

"कांदा."

"कांदा काय? नुसतं कांदा म्हणून मला काय कळणार? कुठे लागतो?"

मी पुन्हा घास घेतला. कांदा वर नव्हता. मांसातच होता, पण मिसळलेला नाही, चिकटलेला. कडा जाळीसारख्या कुरकुरीत आणि आतला भाग ओलसर, गोड. सांगितलं.

हे पुढे वाकले. "म्हणजे कच्चा, कागदासारखा पातळ कापून तव्यावरच पॅटीत दाबलाय. बनला वास येतोय का कांद्याचा?"

वास घेतला. येत होता, बनच्या आतल्या बाजूला. "येतो. बन भाजलेला नाही, पण गरम आहे."

"वाफ. पॅटीवरच बन ठेवून वरून झाकण घातलंय." यांचा आवाज बराच मोठा झाला होता. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं. "उद्या करून बघू. तू दाबायचं, मी आवाज ऐकतो. आणखी काय आहे?"

"काहीतरी आंबट आहे, अगदी शेवटी. काकडीचं नाही. ओळखता येत नाही मला."

"येईल. घाई करू नकोस," हे म्हणाले आणि आपल्या वाटचा उरलेला अर्धा भाग माझ्या हातात दिला. "अजून एक घास घे."

मी डोळे मिटले आणि चावायला लागले. हे वाट बघत बसले.